वार एक की दोन?

प्रश्न : माझ्या सुनेला नववा आठवडा चालू आहे. आशाताईंनी दिलेल्या निश्चय किटवर घरीच तपासलं, दोन रेघा आल्या. मग एका लॅबमध्ये रक्त दिलं, तर ‘बीटा एचसीजी’ १ लाख ४२ हजार निघालं. लॅबमधला मुलगा म्हणाला, आकडा एवढा मोठा म्हणजे जुळंच. चंद्रपूरला सोनोग्राफी केली तर खरंच दोन निघाली. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, बाराव्या आठवड्यात परत सोनोग्राफी करू, आणि वार एकच असेल तर पुढे दर पंधरा दिवसांनी यावं लागेल. मुलगा पेपर मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहे, दर फेरीला त्याची एक रोजी बुडते. रक्ताच्या आकड्यावरून जुळं कळतं, तर बाळांची वाढही रक्तावरूनच कळणार नाही का? इतक्या सोनोग्राफ्या कशाला? आणि शेजारीण म्हणते की जुळ्यांत एक बाळ दुसऱ्याचं रक्त ओढून घेतं. हे खरं का?
– एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : ताई, लॅबमधल्या मुलाचा अंदाज योगायोगानं खरा ठरला. तुमची शेजारीण जे म्हणाली ते मात्र काही जुळ्यांच्या बाबतीत अक्षरशः घडतं, आणि डॉक्टरीणबाईंनी ‘वार एकच असेल तर’ असं म्हटलं ते त्याच काळजीपोटी.

आधी आकड्याचं पाहू. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशी, ज्यांची पुढे वार होते, त्या एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. अंडाशयात जिथून स्त्रीबीज सुटलं तिथे एक पिवळी गाठ उरलेली असते. ती प्रोजेस्टेरॉन बनवते, आणि त्यावरच गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. ही गाठ एरवी दोन आठवड्यांत सुकते आणि पाळी येते. एचसीजी तिला सुकू देत नाही. आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि एचसीजीचं हे मुख्य काम हलकं होतं. त्यामुळे सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होणारा आकडा आठव्या ते अकराव्या आठवड्यादरम्यान शिखरावर पोचतो आणि मग खाली येऊ लागतो. तुमच्या सुनेचं रक्त चौथ्या महिन्यात कुणी पुन्हा तपासलं आणि आकडा निम्म्यावर आलेला दिसला, तर काही बिघडलं असं समजू नका. तो तसाच उतरायला हवा.

जुळ्यांत हा आकडा सरासरीनं जास्त असतो हे खरं आहे. पण लॅबच्या छापील तक्त्यात नऊ ते बारा आठवड्यांसाठी एकट्या बाळाचीच मर्यादा साधारण २५ हजारांपासून २ लाख ८८ हजारांपर्यंत दिलेली असते. तुमच्या सुनेचे १ लाख ४२ हजार त्या मर्यादेच्या अगदी मधोमध बसतात. एकच बाळ असलेल्या कितीतरी बायकांचा आकडा इतका येतो आणि जुळी असलेल्या काहींचा याहून कमी येतो. दुप्पट होण्याचा वेगही जुळ्यांत वेगळा नसतो. पाळीची तारीख चुकीची धरली असेल तरी आकडा मोठा वाटतो. द्राक्षगर्भ असेल, म्हणजे बाळाऐवजी वारेच्याच पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या वाढत असतील, तर तो फारच चढतो. म्हणून मोठा आकडा आला की कुठलाही जाणता डॉक्टर सोनोग्राफी करायला सांगतो, जुळं आहे असं त्यावरून ठरवत नाही.

हीच माहिती मिळवायला एकेकाळी उंदीर लागत. १९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये झेल्मार अशहाइम आणि बर्नहार्ड झोन्डेक यांनी बाईची लघवी वयात न आलेल्या उंदराच्या मादीला टोचून तिच्या अंडाशयात बदल होतो का ते पाहण्याची पद्धत काढली. आज आशाताईंच्या पिशवीतली पट्टी पाच मिनिटांत तेच उत्तर देते. तेव्हाही उत्तर दिवस गेले की नाही एवढंच होतं, आजही तेवढंच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, वाढ रक्तावरून का पाहत नाहीत हा. तो मला फार आवडला, कारण डॉक्टरांनीही तो विचारला होता आणि बरीच वर्षं त्याच्यामागे घालवली होती. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत गरोदर बाईच्या लघवीतलं इस्ट्रिऑल आणि रक्तातलं प्लासेंटल लॅक्टोजेन मोजून बाळ ठीक आहे का याचा अंदाज बांधत. लघवी तर चोवीस तासांची साठवून आणावी लागे. एकाच बाईचे आकडे दोन दिवसांत इतके वर-खाली होत की त्यावर निर्णय घेणं धोक्याचं ठरे. सोनोग्राफी हाताशी आल्यावर या चाचण्या मागे पडल्या. जुळ्यांत तर अडचण मुळातच आहे. दोन्हीकडची संप्रेरकं आईच्या एकाच रक्तात मिसळतात आणि आपल्याला फक्त बेरीज मिळते. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं असली, तर बिल पाहून कुणाकडचा पंखा बंद पडला ते सांगता येत नाही. एक बाळ जोमानं वाढत असेल आणि दुसरं खुंटलं असेल, तरी बेरीज चांगली दिसू शकते.

म्हणजे संप्रेरकांकडे पाहायचंच नाही असं नव्हे. जुळ्यांत त्यांचा जोर आईच्या अंगावर जास्त पडतो, तिथे लक्ष हवं. एचसीजीची घडण थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचशी जुळती आहे. ते फार वाढलं की पहिल्या तिमाहीत टीएसएच घसरलेलं दिसतं. असा रिपोर्ट घेऊन थेट औषधाच्या दुकानात जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा ते आपोआप जागेवर येतं. उलट्यांचा दोषही वर्षानुवर्षं एचसीजीला दिला गेला. पण २०२३ च्या शेवटी ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानं बोट दाखवलं ते जीडीएफ-१५ या दुसऱ्या संप्रेरकाकडे. गरोदरपणात तेही मुख्यतः बाळ आणि वार यांच्याकडूनच येतं. सुनेच्या पोटात पाणी ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर ‘होतंच असं’ म्हणून घरी बसू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यात जुळ्यांची आई कोरडी पडायला दोन दिवस पुरतात. तिसरी गोष्ट साखरेची. वारेतून येणारं लॅक्टोजेन आईच्या इन्सुलिनचा असर कमी करतं, म्हणजे बाळाकडे साखर जास्त जाते. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशीपोटी जायची गरज नसते, आणि साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये, अशी दोनदा करून घ्या.

सोनोग्राफीचं मूळ बल्लारपूरच्या माणसाला जवळचं वाटेल असं आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात गेले. बॉयलरच्या पोलादात आत कुठे भेग आहे का हे तिथे ध्वनिलहरींनी तपासत. त्याच यंत्रानं त्यांनी गाठी तपासल्या. पाणी भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे पडसाद वेगळे आले. १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि आईच्या पोटावर यंत्र ठेवून आत पाहायची वाट मोकळी झाली. त्याआधी पुष्कळ जुळ्यांचा पत्ता पहिलं बाळ बाहेर आल्यावर सुईणीच्या हातालाच लागायचा. यात क्ष-किरण नाहीत, फक्त ध्वनिलहरी आहेत. त्यामुळे ‘इतक्या वेळा मशीन लावल्यानं बाळांना इजा होईल का’ ही भीती मनातून काढून टाका. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, जुळ्यांसाठीही. तिथे भरून घेतात तो फॉर्म त्यासाठीच असतो.

आता वार. बाळंतपणानंतर जी पडते ती वार, आणि बाळाच्या बेंबीपासून तिच्यापर्यंत जाते ती नाळ. नाळा दोन्ही बाळांच्या वेगवेगळ्याच असतात. प्रश्न आहे तो वारेचा. दोन वेगळी बीजं फळली असतील, तर वारा दोन असतात, मग त्या शेजारी-शेजारी चिकटून एकीसारख्या दिसल्या तरी. एकच बीज फळून नंतर दुभंगलं असेल, तर ते कधी दुभंगलं यावर सगळं ठरतं. पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर वारा दोन. चौथ्या ते आठव्या दिवसांत दुभंगलं तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन, आणि हा प्रकार यांत सर्वांत जास्त आढळतो. त्याहून उशिरा दुभंगलं तर वारही एक आणि पिशवीही एक.

दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे टेकतो ती जागा डॉक्टर ११ ते १४ आठवड्यांत पाहतात. तिथे वारेची त्रिकोणी पाचर पडद्यात शिरलेली दिसली तर वारा दोन. पातळ पडदा काटकोनात सरळ टेकला असेल तर वार एक. पुढे पडदा पातळ होत जातो, ही खूण पुसट होते आणि मग खात्रीनं सांगणं अवघड जातं. म्हणून ताई, बाराव्या आठवड्याची फेरी रोजी बुडाली तरी चुकवू नका. रिपोर्ट हातात आला की त्यावर वारा किती हे लिहिलेलं आहे का ते बघा. लिहिलेलं नसेल तर तिथेच थांबून विचारा आणि लिहून घ्या. पुढे कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी, लॅबच्या त्या १ लाख ४२ हजारांपेक्षा या एका ओळीचा उपयोग शंभरपट होईल.

कारण असं. वार एक असली की दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा देवाणघेवाण सारखी चालते. पण अशा दर शंभर गरोदरपणांतल्या दहा ते पंधरांत रक्त एकाच बाजूला वाहू लागतं. देणारं बाळ कोरडं पडतं, त्याला लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं आणि पिशवी अंगाला चिकटू लागते. घेणाऱ्या बाळाला रक्त जास्त होतं, ते सारखी लघवी करतं, त्याच्या पिशवीत पाणी साचत जातं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. तुमच्या शेजारणीनं सांगितलं ते हेच. फक्त यात ओढणाऱ्या बाळाचाही जीव धोक्यात असतो, दोघंही संकटात असतात. हे सोळाव्या आठवड्यापासून पुढे, कधीकधी आठ-दहा दिवसांत घडून येतं. म्हणून सोळाव्यापासून दर पंधरा दिवसांनी फेरी. त्या फेरीत डॉक्टर दोन्ही पिशव्यांतलं पाणी आणि दोघांची मूत्राशयं भरलेली दिसतात का, हे आधी पाहतात. एकीकडे पाण्याची खोली २ सेंटिमीटरच्या खाली आणि दुसरीकडे ८ सेंटिमीटरच्या वर गेली की धोक्याची खूण.

यावर उपाय आहे. आईच्या पोटातून बारीक दुर्बीण आत घालून वारेवरच्या त्या जोडवाहिन्या लेसरनं बंद करतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत लेसर केलेल्या गटात ७६ टक्के आयांचं निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवस जगलं. नुसतं जास्तीचं पाणी काढलेल्या गटात हे प्रमाण ५६ टक्के होतं. ही शस्त्रक्रिया मोजक्या मोठ्या शहरांत होते आणि ती वेळेवरच व्हावी लागते. घरात काय लक्ष ठेवायचं? सुनेचं पोट आठवड्याभरात एकदम फुगलं, ताणल्यासारखं दुखू लागलं, धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

बाराव्या आठवड्यात वारा दोन निघाल्या तर तुमचा बराच भार हलका होईल. मग विसाव्या आठवड्यानंतर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. तिथे बघायची ती वाढ. एकट्या बाळाची वाढ नर्सबाई टेपनं पोट मोजूनही ताडतात. जुळ्यांत ती टेप निरुपयोगी आहे, आत कोण किती हे तिला कळत नाही. सोनोग्राफीत प्रत्येक बाळाचं डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजून वजनाचा अंदाज काढतात. समजा, अठ्ठाविसाव्या आठवड्यात एकाचं वजन ११५० ग्रॅम आणि दुसऱ्याचं ९८० ग्रॅम आलं. फरक १७० ग्रॅम. तो मोठ्या बाळाच्या वजनाशी ताडायचा, म्हणजे साधारण १५ टक्के. एवढा फरक जुळ्या भावंडांत असू शकतो, आणि या अंदाजातच दहा-पंधरा टक्क्यांची चूक असू शकते. फरक २०-२५ टक्क्यांच्या वर गेला, किंवा छोट्याचं वजन दोन मोजण्यांत जवळजवळ वाढलंच नाही, तर नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करतात. लहान चणीचं पण सुखात असलेलं बाळ कोणतं आणि उपासमार होत असलेलं कोणतं, हे त्यातून उमगतं. आणखी एक. अठ्ठावीस-तीस आठवड्यांनंतर जुळ्यांची वाढ एकट्या बाळापेक्षा थोडी मंदावतेच. जावेच्या मुलाचा जुना रिपोर्ट काढून आठवड्याला आठवडा लावून तुलना करू नका.

खर्चाचं आणि रोजीचं तुम्ही लिहिलंत, तो प्रश्न खराच आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर तपासतात. जुळं म्हणजे जोखमीचं गरोदरपण. सुनेच्या कार्डावर तशी नोंद आहे ना ते पाहा, म्हणजे आशाताई आणि एएनएम यांच्या पाठपुराव्याच्या यादीत ती येईल. मुलाची रोजी वाचवायची तर त्यानं प्रत्येक फेरीला यायलाच हवं असं नाही. तुम्ही जा. कागद नीट सांभाळणारी सासू बरोबर असणं सुनेला जास्त कामाचं.

पोटातल्या वाढीचं बोलताना आपल्या जिल्ह्यांतली एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. सून खर्रा खाते का? रागावू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा पोरीबाळींच्या हातात असतो, कुणी तंबाखूची नस दातांना घासतात, आणि दवाखान्यात विचारलं की ‘नाही’ सांगतात. निकोटीन वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. विडी-सिगारेट न ओढता नुसता तंबाखू तोंडात धरणाऱ्या आयांचीही बाळं हलकी आणि लवकर जन्मतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. एका गर्भाशयात दोघांची वाटणी आधीच चालू असताना त्या नळ्या अजून आवळायच्या? गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान तंबाखू सोडवण्याचं काम गावोगाव करत आहे, आणि खर्रा सोडता येतो हे तिथल्या बायकांनी दाखवलं आहे. घरातल्या पुरुषांनी पुडी घरात आणणं बंद केलं तर सुनेला निम्मी मदत तिथेच होते. चुलीचा धूरही टाळा. औद्योगिक प्रदूषणासाठी चंद्रपूर २००९ सालीच देशातल्या अतिप्रदूषित भागांच्या यादीत वरच्या क्रमांकांवर होतं. बाहेरची हवा आपल्या हातात नाही, पण निदान स्वयंपाकघर असू द्या.

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल’ म्हणून गरोदर सुनेला कमी वाढायची पद्धत अजून आहे. जुळ्यांत तर ही पद्धत सरळ नुकसान करते. दोन वेळच्या जेवणाऐवजी चार-पाच वेळा थोडंथोडं द्या. भात-वरण, अंडी, लाखोळीऐवजी तूर-मूग-हरभरा, परवडतील तेव्हा बोडीतले मासे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही.

सिकलसेलची तपासणी दोघा नवरा-बायकोची झाली आहे ना? आपल्या भागात हा आजार घराघरांत आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारांत एक, आणि दोन बीजांची जुळी असतील तर हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा होतो. एकाला असू शकतो आणि दुसऱ्याला नसू शकतो. सुनेला स्वतःलाच सिकलसेल असेल तर वारेत रक्त नीट फिरत नाही, वाढीवर दुप्पट लक्ष लागतं आणि लोहाची गोळी किती घ्यायची हेही डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. गडचिरोलीकडे माहेर असेल तर ताप आला की मलेरियाचं रक्त त्याच दिवशी. मलेरियाचे जंतू वारेतच ठाण मांडतात आणि बाळाचं वजन खातात.

बाळंतपणाबद्दल आताच बोलून ठेवा. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत येतात. सगळं सुरळीत असलं तरी वारा दोन असतील तर ३७ ते ३८, वार एक आणि पिशव्या दोन असतील तर ३६ ते ३७ आठवड्यांत बाळंतपण करून घेतात. एकच पिशवी असेल तर ३२ ते ३४ आठवड्यांत, शस्त्रक्रियेनं. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. त्यातलं पहिलं एएनएमसुद्धा देऊ शकते. जुळ्यांत रक्तदाब चढण्याचा धोका मोठा, म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अॅस्पिरिन द्यायची का, हे पुढच्याच भेटीत डॉक्टरीणबाईंना विचारा. बाळंतपण घरी नको, आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता कक्ष नाही अशा ठिकाणीही नको. तुमच्यापासून चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिथून पुढे पाठवावं लागलं तर नागपूर किंवा सेवाग्राम रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत, पण कळा सुरू झाल्यावर रेल्वेची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा.

प्रश्न : आमच्याकडे जोडकेळं खाल्लं की जुळी होतात म्हणतात. मग जुळी नेमकी कशानं होतात?
– एक विद्यार्थिनी, राजुरा

उत्तर : केळ्यानं काही होत नाही, खुशाल खा. एका बीजाची जुळी कुणालाही होऊ शकतात. त्यांचं प्रमाण जगभर जवळपास सारखं, हजार बाळंतपणांत साडेतीन-चार, आणि ती घराण्यात चालत नाहीत. दोन बीजांची जुळी मात्र चालतात, आणि त्यात आईकडची बाजू मोजायची. एका महिन्यात दोन बीजं पिकायला लावणारं एफएसएच नावाचं संप्रेरक काही बायकांत जास्त असतं. वय पस्तिशीकडे झुकलं की तेही वाढतं. बाबांच्या घरात जुळी असली म्हणून त्यांच्या बायकोला होत नाहीत, पण ते गुण मुलीकडे जाऊ शकतात. नायजेरियात या जुळ्यांचं प्रमाण फार मोठं आहे, आपल्याकडे कमी. म्हणून आपल्याकडच्या जुळ्यांत एका वारेच्या जुळ्यांचा वाटा तुलनेनं जास्त पडतो. वंध्यत्वावरच्या गोळ्या-इंजेक्शनांनी आणि टेस्ट ट्यूब उपचारांनीही जुळी वाढली आहेत.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. माझ्या गावात १८०० आणि १५५० ग्रॅमची जुळी रुग्णालयातून घरी आली आहेत. पावसाळ्यात आमचा रस्ता बंद होतो. काय काय पाहू?
– गडचिरोली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या हातातलं काम तुमच्याच जिल्ह्यात घडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. १९९५-९६ च्या पाहणीत तिथल्या ७६३ बाळांपैकी सुमारे ४२ टक्के अडीच किलोच्या खालची होती. या कामाच्या तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’नं ते छापलं. तुमच्या गृहभेटींचा कार्यक्रम त्यातूनच देशभर गेला.

रुग्णालयातल्या बाळंतपणानंतरच्या तुमच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. या दोघांसाठी मधेही जा. आईच्या उघड्या छातीशी एकेकाला धरून वर पांघरूण, आणि आई थकली की बाप किंवा आजीनं धरायचं. आंघोळ नको. दर दोन तासांनी दूध, रात्रीही. ओढत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्यानं. दोघांना पुरेल एवढं दूध येत नाही म्हणून कुणी पावडरीचा डबा आणायला सांगेल. जितकं पाजाल तितकं दूध बनतं, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. ओढणं मंदावलं, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, अंग ढिलं पडलं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला पाठवा. पर्लकोटा नदीला पूर आल्यावर भामरागडचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पुलावर पाणी चढायच्या आधीच पीएचसीच्या डॉक्टरांशी बोलून या कुटुंबाला अलीकडे कुठे राहता येईल ते ठरवा. तुमच्या भागात पीएचसीला माहेरघर असेल, तर पुढच्या वेळी अशी गरोदर बाई शेवटचे आठवडे तिथेच राहू दे.

आणि वजन. दोघांची नोंद दोन वेगळ्या कार्डांवर करा. नावं ठेवली नसतील आणि चेहरे सारखे असतील तर एकाच्या कपड्याला लाल आणि दुसऱ्याच्या कपड्याला हिरव्या दोऱ्याचा टाका घालायला आईला सांगा, आणि कार्डावरही तोच रंग लिहा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं, आणि मग दर भेटीत चढायला हवं. लाल दोऱ्याचं चढलं आणि हिरव्याचं दोन भेटींत जागचं हललं नाही, तर हिरव्याला आधी पाजा, आणि त्याच दिवशी एएनएमला कळवा.